मेसेज गेला, पैसे गेले, मत कुठे गेलं?

जुन्या बटणांच्या मोबाइलवर इंग्रजी ‘एस’ उमटवायला ७ चं बटण चार वेळा दाबावं लागायचं. तरी मताचा मेसेज पाठवायला लोक अंगठा दुखेपर्यंत दाबत बसायचे, कारण टीव्हीवर आपला पोरगा गात असायचा. मार्च २००५ मध्ये आपल्या मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तो याच अंगठ्यांच्या जोरावर.

दोन वर्षांनी, तिसऱ्या पर्वात, हे वेड डोंगर चढलं. अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, म्हणजे कोलकाता पोलिसांतला शिपाई, आणि समोर शिलाँगचा अमित पॉल. प्रशांतसाठी डोंगरात वर्गणी निघाली आणि जमलेल्या पैशांतून मतं गेली. तिकडे मेघालयात खासी आणि बंगाली यांच्यात जुना ताण, पण अमित या बंगाली मुलासाठी दोघंही एक झाले. राज्य सरकारने त्याला शांततेचा दूत नेमलं! २३ सप्टेंबर २००७ ला प्रशांत जिंकला. त्याच्या मतमोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबरला गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. मधे मोजून १४ दिवस. गाण्यासाठी जमलेली माणसं इतक्या झपाट्याने राजकारणात उतरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता पैशाचं बोलू. त्याच वर्षी ‘कौन बनेगा करोडपती’ने घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा ठेवली होती. गाण्याची नव्हे, पण यंत्र तेच. साधा मेसेज १ रुपयाला, हा २ रुपये ४० पैशांना. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे आलेला हिशेब असा: ५ कोटी ८० लाख मेसेज, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये. बक्षिसं मात्र ५२ भागांत प्रत्येकी २ लाख, एकूण १ कोटी ४ लाख. बक्षीस प्रेक्षकांच्याच खिशातून जातंय हे प्रेक्षकांना सांगितलं नाही, असं म्हणत आयोगाने २००८ मध्ये १ कोटीची दंडात्मक भरपाई ठोठावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम मेसेजच्या पैशातूनच आली याला पुरावा नाही, हे त्याचं कारण. निकाल निकालाच्या जागी, पण तिकिटावर किंमत छापतात तशी मेसेजच्या पैशांची वाटणी पडद्यावर ठळक दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमध्ये तर फोनचे पैसे घेऊन फोन मोजलेच गेले नाहीत. मे २००८ मध्ये आयटीव्ही वाहिनीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड झाला, तिथल्या प्रसारण नियामकाचा तोवरचा सर्वांत मोठा. एका कार्यक्रमात स्पर्धक निवडले जायचे ते राहतात कुठे आणि पडद्यावर शोभतील का हे बघून. बाकीच्यांना संधीच नव्हती, तरी कॉलचे पैसे कापले जात होते. २००५ च्या कॉमेडी पुरस्कारांत लोकांची जास्त मतं कॅथरीन टेटच्या कार्यक्रमाला होती, ट्रॉफी मात्र अँट आणि डेक या जोडीच्या हातात गेली. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

कधी लबाडी नसते, फक्त गणित चुकतं. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नाचाच्या स्पर्धेत डिसेंबर २००८ च्या उपांत्य फेरीत तिघं उरले होते. परीक्षकांच्या गुणांत दोघी बरोबरीने पहिल्या आल्या, दोघींना ३-३ गुण. तिसऱ्या टॉम चेंबर्सला १. प्रेक्षकांकडून जास्तीत जास्त ३ मिळणार. म्हणजे साऱ्या देशाने टॉमलाच मत दिलं असतं तरी तो शेवटच्या दोघांतच राहणार! हे लक्षात आलं तेव्हा फोन सुरू झालेले होते. मग तिघांनाही अंतिम फेरीत घेतलं, मतं पुढे धरली आणि मागेल त्याला पैसे परत देऊ केले. आणि अंतिम फेरी जिंकली कुणी? टॉमनेच. चूक कबूल करून पैसे परत देणं जमतं, हे या प्रकरणातून दिसलं.

दक्षिण कोरियात चोर पकडला तो आकडेमोड करणाऱ्या प्रेक्षकांनी. ‘प्रोड्यूस एक्स १०१’ मध्ये एका मेसेजला १०० वॉन पडायचे. जुलै २०१९ मध्ये निकाल लागला आणि चाहते मतांची वजाबाकी करत बसले. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक २९,९७८. तिसऱ्या आणि चौथ्यातला? २९,९७८. सहाव्या-सातव्यातला, सातव्या-आठव्यातला, दहाव्या-अकराव्यातलाही तोच. लाखो मतांत असा योगायोग होत नसतो. निर्माता तुरुंगात गेला आणि जिंकलेल्या मुलांचा गट काही महिन्यांतच मोडला. त्या पोरांनी वर्षानुवर्षं घाम गाळला होता, हे विसरवत नाही.

अझरबैजानची गोष्ट तर अंगावर काटा आणते. युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेत २००९ मध्ये तिथल्या ४३ जणांनी वैरी शेजारी आर्मेनियाच्या गाण्याला मत दिलं. त्यांतल्या एकाला सुरक्षा खात्याने बोलावून जाब विचारला. फोन नंबरावरून मत देणारा सापडतो, हे तोवर फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

चीनमध्ये मत दुधाच्या बाटलीत होतं. २०२१ मध्ये ‘यूथ विथ यू’ या स्पर्धेच्या प्रायोजकाने बाटलीच्या झाकणाआत क्यूआर कोड छापला. झाकण स्कॅन केलं की मत. मेमध्ये एक व्हिडिओ पसरला: गटाराच्या कडेला खोकीच्या खोकी बाटल्या, बायका एकेक उघडतायत, झाकण बाजूला ठेवतायत आणि दूध सरळ गटारात ओततायत. मतं मिळवायला चाहत्यांनी विकत घेतलेलं दूध ते. अंतिम फेरीच रद्द झाली. ज्या घरात उतू गेलेल्या दुधानेही जीव हळहळतो, तिथे हे बघवणार नाही.

सगळ्यात लहान फसवणूक मला सगळ्यात जास्त लागली. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात फोनवरची स्पर्धा सुरू असताना लाइन बिघडली, म्हणून स्टुडिओ बघायला आलेल्या एका मुलीलाच फोन करणारी स्पर्धक बनवलं. ५० हजार पौंड दंड झाला. मग आणखी एक उघडकीला आलं: कार्यक्रमाच्या मांजराच्या पिल्लाचं नाव मुलांच्या मतांवर ठरणार होतं. मुलांनी ‘कुकी’ निवडलं होतं आणि मोठ्यांनी ठेवलं होतं ‘सॉक्स’. सप्टेंबर २००७ मध्ये मुलांची माफी मागितली गेली आणि सॉक्सच्या सोबतीला दुसरं पिल्लू आणलं. त्याचं नाव कुकी.