बटण दाबण्याआधीचा कागद

तारपा हे आदिवासींचं फुंकवाद्य रेकॉर्ड करताना माइक कुठे ठेवायचा, इथूनच पंचाईत सुरू होते. तारपकरी एका जागी थांबत नाही. तो वळेल तशी नाचणाऱ्यांची साखळी वळते आणि ताडाच्या पानांचं ते लांब तोंड कधी माइकसमोर येतं, कधी पार उलटीकडे जातं. स्टुडिओवाला त्याला खुर्चीत बसवेल. मोखाड्यातल्या सूर्यमाळजवळच्या पाड्यावर आम्ही रेकॉर्डर साखळीच्या आत, जमिनीलगत ठेवला. पायांचा ठेका आवाजात उतरतो, उतरायलाच हवा.

पुढची अडचण कापण्याची. वादक गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. गाण्यांच्या अ‍ॅपला मात्र तीन-चार मिनिटांचं ‘गाणं’ लागतं. शेवटी चाल बदलून पाय बदलतात तिथे फाइल तोडायची ठरली. त्या जागा आम्हाला नाचणाऱ्या बायकांनी दाखवल्या. कान देऊन ऐकणाऱ्या आम्हाला त्या सापडल्या नसत्या.

मग येतो खरा घोळ: फाइलच्या माहितीतले कलाकार, संगीतकार, मालक हे रकाने. चाल पारंपरिक, म्हणजे कायद्याने कोणाचीच नाही. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा, तोही ६० वर्षं. वादकाचे वेगळे हक्क आहेत; २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरात त्याला रॉयल्टीही दिली. ती वसूल करायला मोखाड्याहून कोण कुठे जाणार? जव्हारच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तारप्याचं नाव देशभर गेलं. आता रेकॉर्डर घेऊन येणारेही वाढतील.

म्हणून आधी कागद, म्हणजे लेखी करार केला. मुद्रणाची मालकी वादक आणि नाचणाऱ्यांची, आमच्याकडे फक्त सांभाळण्याचं काम. पैशाच्या वाटणीवरून बोलाचाली होईल असं वाटलं होतं, ती झालीच नाही. वाद झाला तो देवाच्या चालींवरून. त्या बाहेर द्यायच्या नाहीत, असं म्हाताऱ्यांनी निक्षून सांगितलं. पोरांना त्या मोबाइलवर हव्या होत्या. तोडगा निघाला: त्या फाइली गावातल्या डबीतच राहतील.

डबी म्हणजे तळहाताएवढा संगणक. त्यावर फंकव्हेल नावाची मोफत, खुली प्रणाली चालते. तिच्यात प्रत्येकाचं आपलं ठाणं असतं. ठाणी एकमेकांशी बोलतात, पण काय उघडायचं आणि काय झाकायचं ते ठाणेवाला ठरवतो. रेंज गेली तरी वाय-फायच्या टप्प्यातल्या मोबाइलवर गाणी वाजतात. वीज गेली की मात्र सगळं गप्प, आणि इथे वीज जाते.

मोठ्या अ‍ॅपवर हेच टाकलं तर? तिथे बहुतेक ठिकाणी सगळ्या ग्राहकांचे पैसे एका ढिगात पडतात आणि एकूण वाजण्याच्या प्रमाणात वाटले जातात. मी महिनाभर फक्त तारपा ऐकला तरी माझ्या शंभर रुपयांतला मोठा वाटा सिनेमाच्या गाण्यांकडे जाणार. त्यात स्पॉटिफायने २०२४पासून वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच बंद केला. पाड्यावरच्या गाण्याने हजार कधी गाठायचे? साउंडक्लाउडने २०२१मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी रीत आणली: ज्याचे पैसे, त्याने ऐकलेल्यालाच. रेझोनेट या सहकारी सेवेने तर नऊ वेळा ऐकलं की गाणं ऐकणाऱ्याचंच, असा हिशेब मांडला. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या महाराष्ट्राला सहकारी सेवेचं नवल वाटू नये.

तरी माझं मत असं, की नुसती डबी गावात ठेवल्याने न्याय होत नाही. डबी गावात आणि मालकी मुंबईत, असंही सहज होऊ शकतं. आमच्या ठाण्यातून अजून कमाई नाही. ऐकणारे बहुतेक पाड्यावरचेच.

तुम्ही कुठल्या पाड्यावर रेकॉर्डर घेऊन जाणार असाल तर कागद आधी करा. तो मराठीत लिहा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि एक प्रत तारपकऱ्याच्या घरी ठेवा.