दुधाच्या एका पिशवीत अख्खी गाडी

चला, आधी एक रांग लावूया! १९२० च्या आसपासचं अमेरिकेतलं डेट्रॉईट डोळ्यांसमोर आणा. मोटारी रंगवायची रीत अजून घोडागाडीचीच. ब्रशने एक हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात मारायचा आणि शेवटी व्हार्निश. भारी गाडीचा यात महिना सहज जायचा. आता रोज १,००० गाड्या सोडणारा कारखाना धरा. तीस दिवसांच्या ३०,००० गाड्या नुसत्या रंग वाळायची वाट बघत उभ्या! प्रत्येकीला पुढेमागे जागा धरून ५ मीटर द्या. रांग झाली १५० किलोमीटर. पहिली गाडी मुंबईत, शेवटची पुण्यात आणि मधला बोरघाट गच्च!

फोर्डने यातून काळी वाट काढली. भट्टीत भाजून झटपट वाळणारा डांबरी काळा रंग! १९१४ ते १९२५ मॉडेल टी मिळायची ती फक्त काळी. १९२७ पर्यंत एकूण मॉडेल टी गाड्या झाल्या दीड कोटी. एकीला एक चिकटवून लावा. ५१,००० किलोमीटर. पृथ्वीला सव्वा वेढा!

मग १९२३ मध्ये आलं ड्यूको. ड्यूपाँट कंपनीचं हे लॅकर पिचकारीने फवारायचं. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ते झळकलं, तेही निळंशार! महिन्याचं काम तासांवर आलं. आठ तास धरले, तर आपली मुंबई-पुणे रांग उरते पावणेदोन किलोमीटरच्या आत. सीएसएमटीहून निघालेली रांग सँडहर्स्ट रोडलासुद्धा पोचत नाही!

आणि आज? आजच्या रंगशाळेतल्या यंत्रमानवाच्या हातात ब्रश नाही, फिरती वाटी असते. रुंदी साधारण साडेसहा सेंटीमीटर, वेग मिनिटाला ५०,००० फेरे. घरचा पंखा जोरात फिरला तरी साडेतीनशेच्या घरात. या वाटीची कड मिनिटाला १० किलोमीटर धावते. रस्त्याला लागली तर मुंबई-पुणे १५ मिनिटांत! त्यात तिच्या कडेवरून तुषार होऊन उडणाऱ्या रंगाला ६०,००० व्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब देतात. लोकलच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० असतात. हा त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून तर तुषार पत्र्याकडे खेचले जातात.

तुषार तरी केवढे? एका मिलिमीटरमध्ये चाळीस बसतील एवढे. एक लिटर रंगाचे होतात सुमारे १२,२०० कोटी थेंब! भारतातल्या १४० कोटी लोकांना वाटले तर माणशी ८७. थेंबाला रुपया लावला तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बांधायला आलेल्या सुमारे १,६३० कोटींच्या खर्चाच्या हिशेबाने असे सात रस्ते होतील, वर पैसे उरतील. सगळं एका लिटरमध्ये!

एवढा खटाटोप करून अंगावर चढतं किती? गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून दशांश मिलिमीटरहून थोडं जास्त. वहीचं एक पान! गाडीचं बाहेरचं अंग दहा चौरस मीटर धरा, तर वाळलेला रंग भरतो साधारण एक लिटर. दुधाची एक पिशवी. उन्हातान्हात, पावसात, घाटात वर्षानुवर्षं गाडी सांभाळते ती ही पिशवीभर कातडी. मला तर कुठल्याही आकड्यापेक्षा हेच जास्त थक्क करतं.

पण जगात वर्षाला मोटारी बनतात ६ कोटींहून अधिक. म्हणजे ६ कोटी पिशव्या! वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहिरी काठोकाठ भरायच्या, तर लागतील जवळपास एकशे सत्तर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी पन्नास डब्यांची रेल्वे आठवते? एका खेपेला २५ लाख लिटर. तशा चोवीस गाड्या, पाण्याऐवजी सुकलेल्या रंगाने भरलेल्या!

आता ही सगळी कातडी सोलून जमिनीवर अंथरा. सहाशे चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्हे मिळून भरतात ६०३. कुलाब्याच्या टोकापासून दहिसर-मुलुंडपर्यंत प्रत्येक इमारत, रस्ता, रूळ, तलाव, राष्ट्रीय उद्यानातलं झाडन् झाड, सगळं एका चकचकीत पानाखाली. दर वर्षी नवं पान!