कोळशासारखा काळा लघुग्रह

आकाशात जे काही आहे ते सगळं चमचम करतं असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण आकाशात कोळशासारखे काळे मोठमोठे दगड फिरत आहेत, हे मला पुण्याला गेल्यावर कळले.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही संस्था सर्वांना पाहायला खुली असते. ती १९८८ साली स्थापन झाली व डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक होते. मी मामाबरोबर गेले होते. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. गर्दी फार होती. तरी मी एका ताईंना विचारलं, लघुग्रह कसल्या रंगाचा असतो? त्या म्हणाल्या, "बहुतेक काळेच. तव्याचं बूड पाहिलंस ना, तसे." मग गुरुजींनी मला पुढची माहिती काढून दिली.

मंगळ आणि गुरू यांच्या मधे लघुग्रहांचा पट्टा आहे. तिथे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांतले पुष्कळसे कार्बनवाले असतात. कार्बन म्हणजे आपल्या चुलीतल्या कोळशात असतो तोच. अशा एका लघुग्रहाचे नाव मॅथिल्ड. तो १८८५ साली व्हिएन्ना येथे योहान पालिसा यांनी शोधला. त्याची लांबी ६६ किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जावं एवढी! त्याच्यावर १०० भाग उजेड पडला तर तो फक्त ४ भाग परत देतो, बाकीचा गिळून टाकतो.

२७ जून १९९७ रोजी अमेरिकेचे निअर नावाचे यान त्याच्या जवळून गेले. जवळून म्हणजे १२०० किलोमीटरवरून बरं का! यान सेकंदाला १० किलोमीटर पळत होते, तरी त्याने पाचशेहून जास्त फोटो काढले. पण लघुग्रहाची एकच बाजू नीट दिसली, कारण तो फार आळशी आहे. स्वतःभोवती एक फेरी मारायला त्याला १७ दिवसांहून जास्त लागतात. सूर्याभोवती एक फेरी सव्वाचार वर्षांनी होते. मी तिथे असते तर माझे आतापर्यंत दोनच वाढदिवस झाले असते.

तो वजनालाही हलका निघाला. आपल्या जात्याचा काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, हा पाण्याच्या सव्वापटीहून थोडाच जास्त. म्हणजे तो आतून पोकळ पोकळ आहे, कुरमुऱ्याच्या लाडवासारखा. म्हणून एवढे मोठे दणके बसूनही तो फुटला नाही असे शास्त्रज्ञ म्हणतात.

आमच्या वर्गातली काही मुलं मला कोळसा म्हणतात. त्यांनी हे नीट वाचावे. हे काळे दगड साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे, पृथ्वी तयार होत होती तेव्हाचे आहेत. असा एक दगड ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे शेतात पडला, तर शास्त्रज्ञांनी तो जपून अभ्यासाला नेला. अशा दगडांत पाण्याचा अंश सापडतो. पृथ्वीवरचे काही पाणी अशाच दगडांतून आले असावे असे म्हणतात. म्हणजे आपल्या विहिरीतही त्यांचं थोडं असेल.

मॅथिल्डवर मोठमोठे खड्डे आहेत. तो काळा म्हणून त्या खड्ड्यांना जगातल्या कोळशाच्या भागांची नावे दिली आहेत. एकाचे नाव आपल्या भारतातले आहे, दामोदर! दामोदर नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत. हा खड्डा सुमारे २९ किलोमीटर रुंद आहे, पुण्याहून सिंहगडापर्यंत जाईल एवढा. चंद्रपूरलाही कोळसा आहे, पण त्याचं नाव एकाही खड्ड्याला नाही. माझ्या हातात असतं तर मी दिलं असतं.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी