तांदळाचे धुवण आणि केसांचे आरोग्य

तांदूळ धुतलेले पाणी आपण सहसा मोरीत ओततो किंवा झाडांना घालतो. आयुर्वेदात यालाच तंडुलोदक म्हणतात. केसांसाठीही ते जुन्या काळापासून वापरात आहे. चीनमधील हुआंगलुओ गावच्या याओ स्त्रिया आंबवलेल्या धुवणाने केस धुतात आणि त्यांचे केस लांबीसाठी प्रसिद्ध आहेत. ‘केस गळतात? तांदळाचे पाणी लावा,’ असा सल्ला आपल्याकडेही सर्रास मिळतो. त्यात तथ्य किती, ते पाहू.

कातडीबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते कातडीखालचे मूळ, आणि त्याचे पोषण रक्तातून होते. धुवणातील पिष्टाचा पातळ थर केसावर बसतो. त्यामुळे केस मऊ होतात, गुंता कमी होतो व विंचरताना ते तुटत नाहीत. खारपाणपट्ट्यातील पाण्याने राठ झालेल्या केसांना याचा उपयोग होतो. मात्र धुवणाने गळती थांबते किंवा नवे केस उगवतात, याला भक्कम पुरावा नाही.

कृती सोपी आहे. वाटीभर तांदूळ एकदा धुऊन ते पाणी टाकून द्यावे. मग दोन-तीन वाट्या पिण्याच्या गोड्या पाण्यात ते अर्धा तास भिजवावेत, हाताने चोळून पाणी गाळून घ्यावे. शिकेकाई किंवा शाम्पूने न्हाल्यावर हे पाणी केसांवर ओतावे व पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्याने केस धुवावेत. आठवड्यातून एकदा पुरे. धुवण त्याच दिवशी वापरावे. डोक्यात फोड, जखम किंवा खरूज असेल तर लावू नये.

आता महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर २०२४ अखेरपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. सुरुवातीला बुरशी व पाण्यावर संशय गेला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकानेही गावांत येऊन नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले त्यांना आढळले. रेशनच्या गव्हातून हे सेलेनियम आले, असे त्यांचे म्हणणे आहे. सेलेनियम शरीराला अत्यल्प लागते. जास्त झाले की केस गळतात, नखेही खराब होतात. असे बिघडलेले रक्त मुळापर्यंत पोचत असेल, तर वरून कितीही धुवण ओतून काय उपयोग?

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपण किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते व बहुधा आपोआप थांबते. पण केस झुपक्याने हाती येऊ लागले, चाई पडली, नखे बदलली, किंवा घरात व शेजारी एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागले, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे, रक्त तपासून घ्यावे आणि घरातील धान्य-पाण्याचा नमुना राखून ठेवावा.