न्यूट्रलमध्ये थरथर!

जुनी गाडी सिग्नलवर झटके मारतेय? इंजिन खोलायच्या आधी दहा मिनिटं नुसतं ऐका. ती बरंच काही सांगते.

संध्याकाळचे सात. ऑफिस सुटलंय, शंकरनगर चौकात सिग्नल लाल. शेजारची नवी कोरी गाडी इतकी शांत, की चालू आहे की बंद कळत नाही. आणि तुमची? स्टिअरिंग थरथरतंय, आरसा नाचतोय, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा डुलतोय! हिरवा दिवा लागला, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सगळं गुपचूप. पुढच्या सिग्नलला पुन्हा तोच तमाशा.

एमएच ३१ पाटीची, बाबांनी हौसेनं घेतलेली मारुती ८०० अजूनही वापरणाऱ्यांना हा सीन पाठ असेल. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ चे नियम आले, तेव्हा मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत तिची विक्री बंद झाली. नागपूर त्या यादीत नव्हतं. त्यामुळे आपल्याकडे ही लाडकी लेक जरा जास्तच दिवस माहेरी राहिली!

थांबल्यावरच का?

हाच तर सगळा फंडा आहे. गाडी पळत असते तेव्हा इंजिन भरपूर हवा आणि पेट्रोल घेतं, त्यात छोटीमोठी चूक खपून जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन कसंबसं स्वतःला चालू ठेवण्यापुरतंच खातं. अशा वेळी फाटक्या पाइपातून घुसलेली चिमूटभर हवासुद्धा मिश्रण बिघडवते.

त्यात ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. मिनिटाला साधारण ८५० फेरे धरले तर सेकंदाला २१ ठिणग्या पडतात. एक सिलिंडर रुसला की त्यातल्या सात फुकट. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, इथे थेट एक तृतीयांश. त्यामुळे तीन सिलिंडरची गाडी मुळातच थोडी थरथरते हे लक्षात ठेवा, आणि तुमची थरथर ‘नेहमीची’ आहे की ‘नवीन’, हे स्वतःला आधी विचारा.

स्क्रू फिरवला, काम झालं?

‘भाऊ, गाडी झटके मारून राहिली’ असं म्हटलं की गल्लीतला सर्वात झटपट इलाज ठरलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर काढायचा, ‘स्लो’ वाढवायचा. थरथर गायब, आपण खूश! पण दुखणं तिथेच असतं, फक्त आवाजाखाली दबलेलं. पेट्रोल जास्त जातं, जाममध्ये क्लच सोडला की गाडी पुढे उडी मारते, आणि महिनाभरात तीच तक्रार परत.

आणि खरी परीक्षा तर पीयूसीला होते. पेट्रोल गाडीचा धूर न्यूट्रलमध्येच मोजतात. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, स्टेज-२ वाल्या गाडीला फक्त ०.५ टक्के. कार्ब्युरेटरवाली प्रत्येक ८०० पंधरा वर्षांची रेघ कधीच ओलांडून गेलीय. आता तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करायची आणि त्यासाठी फिटनेस तपासणीत पास व्हायचं. म्हणजे न्यूट्रलमधली ही थरथर नुसती कटकट नाही, बाबांची गाडी रस्त्यावर राहणार की नाही याचा हा प्रश्न आहे.

कान द्या, मग पाना घ्या

पहिलं काम फुकटातलं. गाडी मोकळ्या जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. आता सायलेन्सरपाशी जाऊन ऐका.

ठेका एकसारखा चुकतोय, फट्... फट्... फट्? मग बहुधा एकच सिलिंडर मिसिंग करतोय. आवाज कधी चढतो, कधी पडतो, नेम नाही? संशय हवा किंवा पेट्रोलवर. मागे धूर अगदी तालात निघतोय, पण आत केबिन हलतंय? मग इंजिन बिचारं निर्दोष! त्याला धरून ठेवणारे रबरी माउंटिंग बसलेत. हे ओळखलं नाही तर ट्यूनिंगवर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

वेळसुद्धा नोंदवा. सकाळी गार असतानाच त्रास होत असेल तर चोक बघा. एसी लावल्यावरच आवाज पडत असेल, तर कंप्रेसरचा बोजा पडताच स्लो सावरणारी यंत्रणा तपासा. पावसाळ्यात ओल्या सकाळीच होत असेल तर प्लगच्या वायरींवर नजर ठेवा. रात्री अंधारात बोनेट उघडा, हात दूर ठेवा. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला!

चोर कोण, प्लग की वायर?

एकच सिलिंडर रुसलाय असं वाटलं, की गाडी बंद करून, इंजिन गार झाल्यावर प्लग काढा. प्लगचं टोक म्हणजे इंजिनची जीभच. फिकट तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त येतंय. पांढरंफटक पडलं असेल तर मिश्रण पातळ आहे, कुठून तरी हवा घुसतेय. तेलकट, ओलं असेल तर ऑइल जळतंय, आणि हा खर्चाचा इशारा आहे.

मग सोपी युक्ती. संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावा. मिसिंगही तिकडे गेली तर प्लग खराब. नाही गेली तर वायरीची अशीच अदलाबदल करा. प्लग, वायर सगळं बदलूनही तोच सिलिंडर रुसलेला असेल, तर कॉम्प्रेशन तपासायला सांगा. व्हॉल्व किंवा रिंगची शंका इथेच फिटते. त्याआधी कुणी ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हटलं, तर नम्रपणे नकार द्या, बॉस!

चालू गाडीत एकेक वायर काढून बघायची जुनी पद्धत मिस्त्रीवर सोडा. झटका जबरदस्त बसतो. २००० च्या आसपास आलेल्या एमपीएफआय गाड्यांत तर ती नकोच, कारण इलेक्ट्रॉनिक्सला धोका असतो. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर न जळलेलं पेट्रोल त्याचीही वाट लावतं.

हवा कुठून येतेय?

पंचवीस वर्षं नागपूरचा मे महिना सोसलेला रबरी पाइप कडक होऊन तडकला तर नवल काय? इंजिन जवळ कान नेऊन ‘सुस्स’ आवाज शोधा. चालू इंजिनवर पाइप हलकेच दाबून आवाज बदलतो का ते बघा, पण पंख्यापासून ओढणी, टाय, बाही लांब ठेवा. कार्ब्युरेटरखालचं पॅकिंगही असंच दगा देतं.

एक खूण मात्र टाळू नका. ब्रेक दाबल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलत असेल आणि पेडल कडक लागत असेल, तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप फुटलेला असू शकतो. मग रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी गॅरेज!

पाइप धड असतील तर पेट्रोलकडे वळा. कार्ब्युरेटरमध्ये न्यूट्रलसाठीचं पेट्रोल एका बारीक जेटमधून येतं. त्यात कचऱ्याचा कण अडकला की पळताना गाडी झकास, थांबताच बंद. एमपीएफआयमध्ये हीच करामत थ्रॉटलवर साचलेला कार्बन किंवा स्लो सांभाळणारा व्हॉल्व करतो. पुष्कळदा नुसत्या सफाईनं काम भागतं.

उन्हाळ्याचा खास नागपुरी त्रास वेगळाच. पेट्रोलमधला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो, आणि बाहेरच पारा ४५ वर! दुपारी सीताबर्डीत दहा मिनिटं गाडी बंद ठेवून परत आलात की ती कण्हते, गार झाली की ठणठणीत. अशा वेळी सावलीत लावा आणि रेडिएटरचा पंखा नीट फिरतोय ना ते बघा. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यानं मिश्रण पातळ होतं. एमपीएफआय गाडी ते थोडंफार सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. जुनं रबरही इथेनॉल सोसत नाही. तेव्हा पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा तपासाच, कारण तिथली गळती म्हणजे थेट आगीशी खेळ.

गॅरेजला जाताना

• थरथर कधी होते, ते चार ओळींत लिहून न्या : गार की गरम, एसी चालू की बंद, ऊन की पाऊस.
• क्रम सांभाळा : एअर फिल्टर, प्लग, वायरी, पाइप, सफाई, मग कॉम्प्रेशन. स्वस्त आधी, महाग शेवटी.
• एका वेळी एकच वस्तू बदला. चार एकदम बदलल्या की दोषी कोण होतं ते कधीच कळत नाही.
• काढलेला जुना पार्ट मागून घ्या.
• ‘स्लो’चा स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी दुखणं बरं, मग सेटिंग!

यातलं निम्मं तुम्ही स्वतः केलं नाहीत तरी चालेल. पण पुढच्या वेळी मिस्त्रीसमोर नुसतं ‘काहीतरी आवाज येतोय’ म्हणण्याऐवजी ‘गरम झाल्यावर एक सिलिंडर मिस करतोय, प्लग बदलून बघितला’ असं म्हणा. बिल नक्कीच वेगळं येईल.