टायमिंग गिअर : ऐकीव समजुती आणि वस्तुस्थिती

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराचे ट्रक आत जातात आणि सळईने लादलेले बाहेर पडतात. अशा ओझ्याखाली वर्षानुवर्षं राबलेल्या टाटांच्या गाड्यांमध्ये हमखास भेटणारं इंजिन म्हणजे ६९७. हा आकडा अश्वशक्तीचा नव्हे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण ५,६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचीही मापं हीच. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेंझशी करार केला होता, त्या नात्याची ही खूण.

अशा इंजिनांत क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा आणि डिझेल पंपाचा एक फेरा व्हावा लागतो. हे गणित सांभाळतात टायमिंग गिअर. ते बदलायची वेळ आली की मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री यांची मतं मात्र एकमेकांत बसत नाहीत.

गैरसमज : ठरावीक किलोमीटर झाले की गिअर बदलायलाच हवेत.

हा नियम कारच्या रबरी टायमिंग बेल्टचा. पोलादी गिअर तेलात फिरतात आणि तेल वेळेवर बदललं तर बहुधा पुढच्या इंजिनकामापर्यंत टिकतात. दात्यांवर खड्डे पडले, टवके उडाले किंवा दात्यांमधला खेळ मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर गेला, तरच ते बदलायचे. खेळ बोटाने जोखू नये. एक गिअर घट्ट धरून दुसऱ्याच्या दात्यावर डायल गेज टेकवायचा आणि तो दुसरा गिअर मागेपुढे हलवायचा, की आकडा समोर येतो. नुसत्या आवाजावरही जाऊ नये. इंजिनाच्या पुढून येणारा आवाज एअर कॉम्प्रेसरचा, वॉटर पंपाच्या बेअरिंगचा किंवा दोन गिअरांना जोडणाऱ्या मधल्या आयडलर गिअरच्या बुशचाही असू शकतो.

गैरसमज : एखादा दाता चुकला तर पंप फिरवून जमवून घेता येतं.

समजा, कॅम गिअरला ५६ दाते आहेत. एक दाता चुकला म्हणजे कॅम सुमारे साडेसहा अंश आणि क्रँकच्या हिशेबाने जवळपास १३ अंश चुकला. पंपाच्या फ्लँजवरच्या लांबट भोकांमधून पंप सरकवला, तर फक्त डिझेल फवारायची वेळ बदलते. व्हॉल्व्ह चुकलेल्या वेळेलाच उघडतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागा फार थोडी उरते. चूक मोठी असेल तर दोघांची टक्कर होते आणि पुशरॉड किंवा व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून कव्हर लावण्याआधी इंजिन पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहायचं. अडलं तर जोर लावायचा नाही.

गैरसमज : दोन फेऱ्यांनंतर गिअरवरच्या खुणा जुळल्या नाहीत, म्हणजे काम बिघडलं.

मध्ये आयडलर असलेल्या इंजिनांत ही शंका पुष्कळांना घाबरवते. क्रँकला २८, कॅमला ५६ आणि आयडलरला ४५ दाते असतील, तर तिन्ही गिअरच्या खुणा पुन्हा एकत्र यायला क्रँकचे तब्बल ९० फेरे लागतात. दोन फेऱ्यांनी क्रँक आणि कॅम आपापल्या जागी परततात, आयडलर परतत नाही. बसवताना खुणा बरोबर जुळल्या असतील तर चिंता नाही.

गैरसमज : पहिला पिस्टन वर आला की पंप जोडायला हरकत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात तो दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा धूर बाहेर टाकून. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असेल, तर सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलत असताना पहिला कॉम्प्रेशनला असतो. हे न पाहता पंप जोडला तर डिझेल क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकून पडतं आणि गाडी सुरूच होत नाही.

गैरसमज : गिअर गॅसच्या ज्योतीने तापवून, हातोडीने ठोकला की बसतो.

ज्योतीखाली पोलाद निळं पडलं की दात्यांचा कडकपणा गेला. घट्ट बसणारा गिअर गरम तेलात सगळीकडून सारखा तापवतात, म्हणजे तो फुगून की-वर सरकतो. हातोडीचे घाव थेट क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर जातात.

गैरसमज : जालन्यात पोलादाला काय तोटा! गिअर लेथवर पाडून घेऊ.

सळईचं पोलाद बांधकामासाठी असतं. गिअरला बहुधा मँगनीज-क्रोमियमसारखं मिश्रपोलाद, हॉबिंग मशिनवर कापलेले तिरपे दाते आणि शेवटी उष्णतेची प्रक्रिया लागते. शिवाय एकमेकांत फिरणारे गिअर जोडीने झिजतात; जुन्या गिअरला नवा जोडला की तो रडल्यासारखा वाजतो आणि लवकर झिजतो. त्यामुळे दुकानात सेटच मागावा, आणि जुना गिअर सोबत नेऊन दाते व पार्ट नंबर तिथेच ताडून घ्यावेत.