अभियांत्रिकी पदवी आणि मानव्यविद्या : मामा तलावांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास इतिहास, अर्थशास्त्र वा समाजशास्त्र शिकविणे म्हणजे त्याच्या व्यक्तिमत्त्वास पैलू पाडणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे हे विषय अभ्यासक्रमाच्या कडेला राहतात. वस्तुतः अनेक तांत्रिक निर्णय या विषयांच्या ज्ञानाशिवाय अपुरे ठरतात. सानगडी परिसरातील तलावांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करता येईल.

तलावाचा प्रश्न :
सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव. हा प्रदेश माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजेच बोलीतील 'मामा तलावां'चा आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथील भातशेती पोसली गेली. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे गेले. असा एखादा तलाव गाळाने भरला असता किती घनमीटर गाळ काढावा आणि पाळ व सांडवा कसा दुरुस्त करावा, एवढेच प्रश्न अभियंत्यापुढे दिसतात. परंतु तलावाचा उथळ काठ हे पाणवनस्पतींचे व अनेक माशांच्या प्रजननाचे ठिकाण असते. तो सरसकट खोल केल्यास साठा वाढतो, पण ढिवर समाजाची मासेमारी घटू शकते. गावाचे पाण्यावरील हक्क निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजांत नोंदलेले असतात; ते समजण्यास इतिहास व कायद्याची ओळख हवी. पाटाच्या टोकावरील बांधीला पाणी का पोहोचत नाही, याचे उत्तर कधी उतारात, तर कधी गावातील सत्तासंबंधांत सापडते.

अभ्यासक्रमातील स्थान :
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना मिळून देण्यात आले. हे प्रमाण साडेसात टक्के होते. आयआयटी मुंबईने २०२२ मध्ये कला, विज्ञान व अभियांत्रिकी यांचा संगम असलेला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे 'सितारा' हे केंद्र याच संस्थेत १९८५ मध्ये स्थापन झाले. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने महाविद्यालयांना स्थानिक विकासाच्या प्रश्नांवर काम करण्याची वाट दिली.

निष्कर्ष :
केवळ श्रेयांक वाढविल्याने दोन विद्याशाखा एकत्र येत नाहीत. एकाच तलावाचा प्रकल्प स्थापत्य व समाजशास्त्र या दोन्ही विषयांच्या प्राध्यापकांनी मिळून शिकविला आणि एकत्रित मूल्यमापन केले, तरच संगम साधतो. गाळाच्या गणिताबरोबर त्या कामातून कोणाचा लाभ व कोणाची हानी होईल हेही विद्यार्थ्याने त्याच अहवालात मांडले पाहिजे. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. वेळापत्रकातील एक सामाईक तासिका आणि परस्परांच्या विषयाविषयीचा आदर यांपासून कोणत्याही महाविद्यालयास प्रारंभ करता येईल.